देवाचं चित्र : कशावर, कुणाशेजारी आणि शेवटी कुठे

चौकात वीस बाय तीसचा फ्लेक्स लागतो. मधोमध गणपती, खाली हात जोडलेले पंधरा कार्यकर्ते, एका कोपऱ्यात पुढारी आणि दुसऱ्या कोपऱ्यात प्रायोजक म्हणून बारचं नाव. मशिनवर फ्लेक्सचा एक पट्टा साधारण दहा फूट रुंदच निघतो, म्हणून जोड नेमका सोंडेवरून जातो. फ्लेक्स ताणायला पाडलेलं भोक मुकुटात येतं. तीन आठवड्यांनी तोच फ्लेक्स गोठ्यावर पावसाला आडोसा म्हणून बांधलेला असतो, देवाचं तोंड खाली करून. या सगळ्यात एकाच्याही मनात देवाबद्दल वाईट नव्हतं. तरी पाहणाऱ्याला ते बोचतं.

धार्मिक प्रतिमा आणि दुखावलेल्या भावना हा विषय निघाला की बोलणं लगेच मोठ्या चित्रकारांवर आणि कोर्टावर जातं. आपल्या भागात, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यात, रोजचं दुखणं वेगळ्या ठिकाणी असतं. ते फ्लेक्सवर, चित्ररथावर, विडीच्या बंडलावर, रांगोळीत आणि मोबाइलच्या स्टेटसवर असतं. इथे मराठी, कानडी, उर्दू आणि कोकणी बोलणारे एकाच गल्लीत राहतात. वारकरी, लिंगायत, दिगंबर जैन, मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध आणि यल्लम्माचे भक्त एकाच बाजारात येतात. प्रत्येकाची देव पाहण्याची रीत निराळी. म्हणून मंडळाचे कार्यकर्ते, मूर्तिकार, फ्लेक्सवाले आणि शाळेतले शिक्षक यांना उपयोगी पडेल असं हे थोडं सविस्तर.

पहिल्यांदा एक फरक लक्षात घ्यायला हवा. चित्रावरून भावना दुखावतात त्या तीन कारणांनी. एक, कुणीतरी मुद्दाम डिवचलं. दोन, कुणीतरी हयगय केली. तीन, काढणाऱ्याची देवाकडे बघण्याची दृष्टी पाहणाऱ्यापेक्षा वेगळी आहे. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. पहिल्यावर कायदा आहे, दुसऱ्यावर काळजी आणि तिसऱ्यावर फक्त बोलणं. आपल्याकडे बहुतेक भांडणं दुसऱ्या प्रकारची असतात आणि त्यांना पहिल्या प्रकारची समजून दगड उचलला जातो. यातच सगळं नुकसान होतं.

मूर्ती देव कधी होते

कुंभारवाड्यात शाडूचा गोळा पायाने तुडवला जातो. कुणालाही त्यात काही वावगं वाटत नाही, कारण ती माती आहे. त्याच मातीला साच्यातून आकार आला, हातांनी सोंड जोडली, सावलीत वाळली, रंग चढला, की तिच्याशी वागणं बदलतं. शेवटी डोळ्यांची आखणी होते. बरेच मूर्तिकार हे काम सर्वांत शेवटी, शांतपणे आणि आंघोळ करून करतात. आखणी झालेल्या मूर्तीच्या तोंडावर कापड किंवा कागद टाकून ती घरी नेतात. तिथे प्राणप्रतिष्ठा होते आणि मग ती पूजेची मूर्ती. उत्तरपूजेत अक्षता वाहून मूर्ती किंचित हलवली की देवत्व निघालं असं मानतात. पुढे पाण्यात जाते ती पुन्हा मातीच.

म्हणजे आपल्या परंपरेतच प्रतिमेला पायऱ्या आहेत. हे माहीत असलं की अर्धे घोळ सुटतात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ट्रॉलीतून उतरवताना मूर्तीचं बोट तुटलं तर तो अपशकुन नाही. प्रतिष्ठा झालेलीच नाही, मूर्ती बदलावी किंवा दुरुस्त करावी. प्रतिष्ठेनंतर तडा गेला तर उत्तरपूजा करून विसर्जन करावं. धावपळ, ओरडाआरडा आणि 'कुणी केलं' याची चौकशी करण्याचं काही कारण नाही.

मात्र कायदा या पायऱ्या इतक्या बारकाईने पाहत नाही. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर गणपतीची मातीची मूर्ती जाहीरपणे फोडल्याचं प्रकरण आलं होतं. खालच्या न्यायालयांनी म्हटलं होतं की ही मूर्ती प्रतिष्ठापना केलेली नव्हती, मग पवित्र कशी? सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एखादा वर्ग ज्या वस्तूला पवित्र मानतो ती वस्तू कितीही साधी असली तरी कायद्याच्या दृष्टीने पवित्रच, प्रतिष्ठापना व्हायलाच हवी असं नाही. तेव्हा 'अजून पूजा झाली नव्हती' हे घरात पुरेसं उत्तर आहे, रस्त्यावर ते पुरत नाही.

अंगावर कपडे नसणं

दिगंबर जैन तीर्थंकरांची मूर्ती नग्न असते. निपाणीजवळ स्तवनिधीला, कुंभोजच्या बाहुबलीला किंवा दूर श्रवणबेळगोळला जे जाऊन आले त्यांना यात काहीच विचित्र वाटत नाही. तिथली नग्नता म्हणजे सगळं सोडून दिल्याची खूण. दोरासुद्धा न ठेवणं हेच व्रत. बेळगावच्या किल्ल्यात १२०४ साली रट्ट राजांच्या मंत्र्याने, बिचीराजाने, बांधलेली कमल बस्ती आहे. तिथे नेमिनाथांसमोर उभं राहून अश्लीलतेचा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही.

हयगय होते ती दुसरीकडे. महावीर जयंतीच्या शुभेच्छांचा फ्लेक्स करताना डिझाइन करणारा पोरगा संकोचाने मूर्तीला कमरेखाली धूसर करतो, किंवा फुलांची पट्टी आडवी टाकतो, नाहीतर पिवळं वस्त्र रंगवतो. त्याच्या दृष्टीने तो आदर दाखवत असतो. दिगंबर घरातल्या माणसाला मात्र तो थेट धर्मावर आक्षेप वाटतो, कारण ज्या गोष्टीत आपल्याला लाज नाही तिथे दुसऱ्याने लाज चिकटवली. सोपा उपाय असा : पद्मासनातली मूर्ती निवडावी, किंवा खांद्यापर्यंतचाच भाग घ्यावा, किंवा मूर्तीऐवजी तीर्थंकराचं लांछन, म्हणजे ओळखचिन्ह, घ्यावं. महावीरांचा सिंह, नेमिनाथांचा शंख, पार्श्वनाथांचा सर्प. श्वेतांबर मूर्तीचा फोटो दिगंबर कार्यक्रमाला लावू नये. मूर्तीला बसवलेले काचेचे डोळे आणि अंगावरचे दागिने दिसले की ती श्वेतांबर समजावी.

असंच लज्जागौरीचं. बदामीच्या संग्रहालयात नागनाथकोळ्ळची लज्जागौरी आहे. डोक्याच्या जागी कमळ, पाय फाकलेले, संपूर्ण नग्न. पीक आणि संतती देणारी ती आई आहे. शाळेची सहल नेणाऱ्या शिक्षकांनी आत जाण्याआधी मुलांना दोन वाक्यांत हे सांगावं. तिच्यासमोर गेल्यावर खसखस पिकली की मग सांगून उपयोग नसतो.

पंढरपुरात १९१५ साली जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांच्या चित्रांचा वाद या ठिकाणी समजून घ्यावा लागतो. त्यांनी १९७०च्या दशकात काढलेलं सरस्वतीचं रेखाचित्र वीसेक वर्षं कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. १९९६ मध्ये ते एका मासिकात, आरोप करणाऱ्या लेखासोबत छापून आलं आणि रान पेटलं. रेघ तीच होती, पान बदललं होतं. नंतर भारतमातेच्या चित्रावरून खटले झाले. मे २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द करताना स्पष्ट केलं की केवळ नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे. तोवर ते देशाबाहेर गेले होते. २०११ मध्ये लंडनमध्ये ते वारले. त्यांची चित्रं ज्यांना खरोखर खटकली त्यांचं खटकणं खोटं ठरवण्याचं कारण नाही. पण म्हाताऱ्या चित्रकाराला घरी परत येता येऊ नये, हे त्या खटकण्याचं उत्तर नव्हतं.

कशावर

चित्र कितीही सुंदर असलं तरी ते कशावर आहे हे आधी पाहावं. रस्त्यावर रांगोळीने देवाचा चेहरा काढला तर तासाभरात त्यावरून पाय जाणार. चेहऱ्याची रांगोळी सभागृहात, दोरी बांधून, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर काढावी. रस्त्यावर काढायची असेल तर कमळ, शंख, कलश, पावलं एवढं पुरे. कार्यक्रम संपल्यावर ती केरसुणीने लोटू नये, हाताने किंवा पुठ्ठ्याने गोळा करून वेगळी ठेवावी. पाहणारे असतात, आणि कुणाच्या तरी हातात मोबाइल असतोच.

जिन्याच्या कोपऱ्यात लोक थुंकू नयेत म्हणून देवांच्या टाइल्स बसवतात. आमच्या मते ही सर्वांत वाईट सवय आहे. देवाला थुंकीसमोर पहारेकरी म्हणून उभं करायचं, आणि त्यातही सर्व धर्मांच्या टाइल्स ओळीने लावायच्या. थुंकणारा थुंकतोच, आणि मग भांडण इमारतीतल्या रहिवाशांमध्ये लागतं. कोपऱ्यात दिवा, आरसा किंवा कुंडी ठेवली तरी काम होतं.

निपाणी म्हणजे तंबाखू आणि विडी. बंडलाचं लेबल फाडून गटारात जाण्यासाठीच असतं, त्यामुळे त्यावर देव किंवा थोर पुरुष घालणं मुळातच चुकीचं. व्यापारचिन्ह कायदा, १९९९ मधल्या कलम ९ प्रमाणे कोणत्याही वर्गाच्या धार्मिक भावना दुखावतील असं चिन्ह नोंदवता येत नाही. १९५० च्या बोधचिन्हं आणि नावं यांच्या कायद्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे, म्हणजे ते धंद्यासाठी वापरता येत नाही. त्यात एक सवलत आहे : कॅलेंडरवर चित्र चालतं, पण त्यावर फक्त कॅलेंडर काढणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव हवं, मालाची जाहिरात नको. दरवर्षी दिवाळीला कॅलेंडर वाटणाऱ्या किती दुकानदारांना हे ठाऊक असेल? २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'रामायण' हे नाव उदबत्तीसाठी कुणा एकाला देण्यास नकार दिला. धर्मग्रंथाच्या नावावर एकाची मालकी नसते, हे त्यामागचं तत्त्व.

उलट बाजूही सांगायला हवी. आंबोली घाट उतरून सावंतवाडीला गेलं की गंजिफा मिळते. दशावतारी गंजिफेत १० अवतारांची प्रत्येकी १२, अशी १२० पानं असतात. देव चक्क पत्त्यांवर, आणि पिढ्यान्‌पिढ्या कुणाला खटकले नाहीत. पानं हाताने रंगवलेली, डब्यात जपलेली, खेळ घरातला. 'पत्त्यांवर देव म्हणजे अपमान' असा सरसकट नियम करता येत नाही तो यामुळे. वस्तूला लोक कसं वागवतात, त्यावर ठरतं.

कुणाशेजारी

बेळगावात शिवजयंती परंपरेने वैशाख शुद्ध द्वितीयेला होते आणि नंतर चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. चित्ररथावर शेजार फार महत्त्वाचा. वरखाली, डावंउजवं, लहानमोठं, या सगळ्याला अर्थ येतो.

पुढाऱ्याचा चेहरा देवापेक्षा मोठा असू नये, ही अगदी किमान गोष्ट. प्रायोजकांची नावं मुख्य फ्लेक्सवर न घेता खाली वेगळ्या पट्टीवर घ्यावीत. दारू, तंबाखू आणि मटण यांच्या दुकानांची नावं तिथेही नकोत, देणगी घेतली असली तरी. मांसाहारी मंडळाला स्वतःला काही वाटत नसेल, पण जैन आणि लिंगायत शेजारी तोच फ्लेक्स बघत असतात.

दशावताराच्या देखाव्यात नववा अवतार म्हणून बुद्ध दाखवले तर बौद्ध समाजाला ते खुपतं. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये नागपूरला दिलेल्या २२ प्रतिज्ञांत, बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही, असं स्पष्ट आहे. हा मतभेद खरा आहे, तो गोडीगुलाबीने पुसता येत नाही. पण मराठी मुलखाने यावर फार पूर्वीच वाट काढून ठेवली आहे. जुन्या मराठी दशावतार चित्रांत नवव्या जागी कटेवर कर ठेवलेला विठ्ठल असतो. मंडळाने तोच घ्यावा. परंपराही राहते, कुणाच्या प्रतिज्ञेवर पायही पडत नाही.

'सर्वधर्मसमभाव' हा चित्ररथ सगळ्यांत घसरडा. हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती सगळ्यांचे पुरुष उभे केले की इस्लामसाठीही कुणीतरी दाढीवाला उभा करण्याचा मोह होतो. तो अजिबात करू नये. पैगंबरांचं चित्र किंवा सोंग हे आपल्याकडच्या मुसलमानांना कोणत्याही रूपात चालत नाही, आदराने केलं तरी नाही. फारसी आणि तुर्की हस्तलिखितांत पूर्वी तशी चित्रं होती, ही इतिहासाची गोष्ट आहे, ती चित्ररथावर कामाची नाही. कमान, मिनार, भौमितिक नक्षी किंवा सुलेखन घ्यावं. बेळगावच्या त्याच किल्ल्यात साफा मशीद आहे, नमुना बघायला लांब जायला नको. कुराणातली आयत मात्र घेऊ नये, कारण ट्रॉलीचा तो भाग उद्या कुठे पडेल सांगता येत नाही. साधं 'ईद मुबारक' पुरतं.

अरबी-उर्दू अक्षरांत आणखी एक तांत्रिक फसगत होते. ही लिपी उजवीकडून डावीकडे जाते आणि अक्षरं एकमेकांना जोडलेली असतात. ती सोय नसलेल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर चिकटवला की अक्षरं सुटतात आणि क्रम उलटा होतो. अर्थ जातो, कधीकधी भलताच होतो. म्हणून मजकूर वाचता येणाऱ्या माणसाकडून चित्राच्या स्वरूपात घ्यावा आणि छापण्याआधी त्यालाच पुन्हा दाखवावा. कानडी जोडाक्षरांचंही जुन्या फाँटमध्ये असंच होतं, आणि इथे कानडी चुकलं की प्रकरण धर्मावरून भाषेवर जायला वेळ लागत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळुरूत शिवाजी महाराजांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि बेळगावात इंग्रजांशी लढलेले कानडी वीर संगोळ्ळी रायण्णा यांच्या पुतळ्याची मोडतोड. दोन्ही पुतळे देवांचे नव्हते, पण त्या रात्रींची भीती या भागातल्या दोन्ही भाषांच्या घरांनी अनुभवली आहे.

बसवण्णांबद्दल एक खास सूचना. कानडीत बसव म्हणजे नंदी, आणि महात्मा बसवेश्वरांनाही बसवण्णाच म्हणतात. नुसता शब्द टाकून फोटो शोधला तर बैल येतो. बसव जयंतीच्या शुभेच्छांत नंदीचा फोटो टाकणं हा मराठी माणसाकडून होणारा ठरावीक घोटाळा आहे. इष्टलिंग, म्हणजे लिंगायत अंगावर बाळगतात ते छोटं लिंग, दाखवायचं असेल तर ते डाव्या तळहातावर दाखवावं. फोटो आरशासारखा उलटा फिरवला की ते उजव्या हातावर जातं, डिझाइनमध्ये जागा जुळवताना हे हमखास होतं. जानेवारी २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने बसवेश्वरांना राज्याचे सांस्कृतिक नायक जाहीर केल्यापासून त्यांचं चित्र शाळा-कचेऱ्यांतही लागतं, तेव्हा चूक जास्त लोकांना दिसते.

सौंदत्तीच्या यल्लम्माचा देखावा करताना डोक्यावर जग, म्हणजे देवीची टोपली, घेतलेली जोगतीण किंवा जोगती विनोदासाठी नाचवू नये. इथे अपमान देवीपेक्षा माणसांचा होतो. देवीला मुली सोडण्याच्या प्रथेवर कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने बंदी आहे, त्या प्रथेत होरपळलेल्या बायका याच जिल्ह्यात आहेत आणि मिरवणूक बघायला त्याही उभ्या असतात.

यंत्राने काढलेले देव

हल्ली फ्लेक्सवाले एआयने चित्र काढून देतात. स्वस्त आणि झटपट पडतं. पण त्याला मूर्तिशास्त्र येत नाही, ते नुसतं सरासरी काढतं. गणपतीचे दोन्ही दात अखंड येतात, म्हणजे एकदंत नावालाच उरतो. विठ्ठलाच्या हातात बासरी येते आणि पायाखालची वीट जाते. वीट नाही तर विठ्ठल कसला? दत्ताला तीन मुखं आणि चार हात येतात, तिथे सहा हवेत. चार कुत्र्यांचे तीन होतात. मारुतीला दुसरं शेपूट फुटतं. बोटं मोजावीत, हात मोजावेत, आयुधं कोणत्या हातात आहेत ते पाहावं, वाहन पाहावं, आणि मागे उमटलेली अक्षरासारखी निरर्थक चिन्हं पुसावीत. छपाईआधी त्या देवाच्या पुजाऱ्याला किंवा घरातल्या आजीला मोबाइलवर चित्र दाखवलं तर दोन मिनिटांत चूक सापडते.

सजीव देखाव्यातल्या पोरांना मुकुट काढल्याशिवाय चहा, तंबाखू, मोबाइल यांना हात लावू देऊ नये. रामाच्या वेशातला मुलगा ट्रॉलीमागे सिगारेट ओढताना कुणी टिपला की सकाळपर्यंत तो फोटो कोल्हापूर ते हुबळी फिरतो. एका कार्यकर्त्याकडे फक्त एवढंच काम द्यावं : चादर घेऊन उभं राहायचं आणि विश्रांतीत सोंगं झाकायची.

देवाची थट्टा म्हणजे अपमान, असंही समजू नये. गोकाककडच्या कुलगोडच्या तम्मण्णाचं श्रीकृष्ण पारिजात हे लोकनाट्य या भागात रात्र रात्र रंगतं. त्यात सत्यभामा कृष्णाला नको ते बोलते आणि प्रेक्षक हसतात, भक्तही हसतात. आपल्या भारुडांत तेच आहे. ही थट्टा घरातली, ओळखीच्या रीतीतली. त्यातलंच एक वाक्य कापून, दहा सेकंदांचा व्हिडिओ करून, दुसऱ्या मथळ्याखाली टाकला की त्याचा शेजार बदलतो आणि अर्थही.

कायदा काय विचारतो

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. जुन्या दंड संहितेतलं २९५अ आता कलम २९९ आहे. शब्द, चिन्ह, चित्र किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाने एखाद्या वर्गाच्या धर्माचा जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने अपमान केला तर तीन वर्षांपर्यंत कैद. पूजास्थळ किंवा पवित्र वस्तू फोडली, विटाळली तर कलम २९८, दोन वर्षांपर्यंत. दोन गटांत वैर पेटवलं तर कलम १९६.

'जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने' हे शब्द दोन्ही हवेत. १९५७ च्या रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवलं, पण त्याच निकालात सांगितलं की नकळत किंवा निष्काळजीपणाने झालेला अपमान या कलमात बसत नाही. २०१३ मध्ये एका मासिकाने महेंद्रसिंह धोनीला विष्णूच्या रूपात मुखपृष्ठावर छापलं, हातांत कंपन्यांच्या वस्तू आणि त्यात बूटही. तक्रारी बंगळुरू आणि अनंतपूरला झाल्या. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनंतपूरचा खटलाही रद्द केला, कारण तसा हेतू दिसत नव्हता. कलम २९९ किंवा १९६ खाली न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी सरकारची मंजुरी लागते (नागरिक सुरक्षा संहिता, कलम २१७). शिक्षा सात वर्षांच्या आतली असल्याने अटक लगेच व्हायलाच हवी असं नसतं, पोलीस आधी हजर राहण्याची नोटीस देऊ शकतात. तरी हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. निर्दोष सुटेपर्यंत वर्षं जातात, त्यामुळे हयगयीला कायद्याने माफी असली तरी ती स्वस्त पडत नाही.

आक्षेप आलाच तर मंडळाने पहिल्या अर्ध्या तासात काय करावं? चित्र फाडू नये आणि घाईने ओढूनही काढू नये, फाटलेल्या देवाचा व्हिडिओ हा दुसरा वाद होतो. स्वच्छ कापडाने झाकावं. आहे तसा एक फोटो काढून ठेवावा, पुढे कुणी भलतंच पसरवलं तर दाखवायला. ज्यांना लागलं त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याला बोलावून नेमकं काय खटकलं ते ऐकावं. पुष्कळदा अख्खं चित्र नको नसतं, एक हात, एक अक्षर किंवा एक जागा चुकलेली असते. चूक असेल तर मराठी आणि कानडी दोन्हींत चार ओळींची दिलगिरी लिहून लावावी. जमाव वाढतोय असं दिसलं तर ११२ ला फोन करावा, वाट बघू नये. ज्याला दुखलं त्यानेही 'बघा काय केलंय' म्हणून ते चित्र पुढे पाठवू नये. शंभर जणांनी पाहिलेली चूक लाखांना दाखवणारा निषेधकच असतो.

शेवटी कुठे

सगळ्यांत दुर्लक्षित भाग हा. फ्लेक्सची ऑर्डर देतानाच देवाचा भाग वेगळ्या पट्ट्यावर छापून घ्यावा. एकूण फ्लेक्स मोठा असला तरी देवाचं चित्र दहा फुटांच्या आत बसवावं म्हणजे जोड चेहऱ्यावर येत नाही, आणि कडेला सहा इंच कोरी जागा ठेवावी म्हणजे भोकं तिथे पडतात. उत्सव संपताच तो पट्टा उतरवून, चित्र आतल्या बाजूला गुंडाळून, मंडळाने पुढच्या वर्षासाठी ठेवावा. म्हणून त्यावर साल छापू नये. बाकीचा फ्लेक्स गोठ्यावर जायला हरकत नाही.

मूर्ती शाडूचीच घ्यावी. ती पाण्यात विरघळते आणि बेळगावच्या कपिलेश्वर तलावाच्या काठी दुसऱ्या दिवशी अर्धवट हातपाय दिसत नाहीत. प्लास्टर ऑफ पॅरिस महिनोन्‌महिने पाण्यात तसंच राहतं. घरात तशी मूर्ती आलीच असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सांगितलेली रीत आहे : मूर्ती बुडेल एवढं पाणी बादलीत घ्यायचं, मूर्तीच्या वजनाइतका अमोनियम बायकार्बोनेट, म्हणजे बेकरीत वापरतात ती पावडर (घरातला खायचा सोडा नव्हे), त्यात विरघळवायचा, फुलं आणि दागिने काढून मूर्ती सोडायची आणि दर दोन-तीन तासांनी ढवळायचं. साधारण दोन दिवसांत मूर्ती विरते. अमोनियाचा उग्र वास येतो, म्हणून बादली उघड्यावर ठेवावी आणि मुलांना लांब ठेवावं. वरचं पाणी अमोनियम सल्फेटचं असतं, ते खत म्हणून पातळ करून झाडांना घालता येतं.

पिंपळाखाली ठेवलेल्या फुटक्या फोटोंचं असं : काच, लाकूड आणि कागद वेगळे करावेत. काच कागदात गुंडाळून, वर 'काच' असं लिहून कचरागाडीवाल्याच्या हातात द्यावी. साधा कागद असेल तर रात्रभर पाण्यात भिजवला की लगदा होतो, तो झाडाच्या बुंध्याशी मातीत पुरावा. गुळगुळीत, प्लास्टिकचा थर असलेला कागद भिजत नाही, तो देवाचं तोंड आत घडी घालून कोऱ्या कागदात बांधावा आणि सुक्या कचऱ्यात द्यावा. लग्नपत्रिकेवर देवाचं चित्र हवंच असेल तर ते आतल्या सुट्या, थर नसलेल्या कागदावर छापून घ्यावं. पाकिटावर नुसतं 'श्री' पुरतं.